सहाव्या बाटलीची पेज

राग आला की मी शुद्ध बोलायला लागते. घरी, बाजारात, एसटीत माझं बोलणं मालवणीच; पण एकदा डोकं फिरलं की ‘माका’चं ‘मला’ होतं, ‘खंय’चं ‘कुठे’ होतं आणि वाक्यं अशी सरळ रेषेत यायला लागतात की समोरच्याला आपण कचेरीत साहेबापुढे उभे आहोत असं वाटावं. घरचे लोक अजून चिडवतात, "शुद्ध झाली ती, जरा लांब ऱ्हवा." त्यावर मीही हसते. पण एका दुपारी मालवणच्या बर्फाच्या कारखान्यात मी अशीच शुद्ध बोलले होते, आणि त्याची आठवण झाली की मला हसू येत नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि कागदांवर जुन्या जिल्ह्याचे शिक्के खोडून नवे मारणं चालू होतं. मी मालवणला कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवत होते. राहायला कट्टा या गावी, आईवडिलांकडे. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने परत. लग्नाचं बघणं चालू होतं, ते मी जमेल तितकं लांबवत होते, कारण मला आधी डॉक्टरेट करायची होती. घरच्यांनी ‘बघू’ म्हटलं होतं. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे परवानगी असते, पण तिला मुदत असते.

माझे मार्गदर्शक गोव्याला एका संशोधन संस्थेत होते. सर परप्रांतातले, कमी बोलणारे, आणि बोलले तर एकदाच बोलणारे. त्यांच्या संस्थेचं जहाज अरबी समुद्रात लांब जायचं आणि खोल तळाचा चिखल वर काढून आणायचं. असाच तीन हजार मीटर खालचा थोडा चिखल त्यांनी मला दिला. बर्फात ठेवलेल्या डब्यातून मी तो बसने आणला. कसालला उतरून कट्ट्याच्या गाडीची वाट बघत दोन तास बसून होते, डबा मांडीवर घेऊन. शेजारच्या बाईने विचारलं, "आइस्क्रीम काय गो?" मी हो म्हटलं. समुद्राच्या तळाचा चिखल म्हटलं असतं तर आणखी दोन तास बोलावं लागलं असतं.

त्या चिखलात जिवाणू होते, आणि मला ते वाढवायचे होते. समुद्रात जे काही मरतं, मासा, झिंगा, शेवाळ, ते हळूहळू खाली जातं आणि कुजतं. कुजताना त्यातून अमोनिया सुटतो. शिळ्या मोरी माशाला जो वास मारतो, तोच. काही जिवाणू हा अमोनिया खातात आणि त्याचं नायट्राइट करतात. दुसरे काही त्याचं नायट्रेट करतात, म्हणजे साधं सांगायचं तर खत. ते खत कधीतरी वरच्या पाण्यात येतं, त्यावर डोळ्यांना न दिसणारी वनस्पती वाढते, तिच्यावर बारीक जीव, त्यांच्यावर तारली आणि बांगडा, आणि बांगड्यावर आपण. जमिनीतले हे जिवाणू सगळ्यांना माहीत होते. खोल समुद्राच्या थंड अंधारात हे काम नेमकं कोण करतं हे फारसं कोणाला माहीत नव्हतं, कारण त्यांना बाटलीत वाढवणं जमत नव्हतं. सर म्हणाले, "तळावरचा दाब आपण देऊ शकत नाही. थंडी आणि अंधार देऊ शकतो. एवढ्यावर जगले तर जगले."

मुदत त्यांनी तेव्हाच घालून दिली. पाऊस लागायच्या आत एका तरी बाटलीत नायट्राइट दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर उरलेला चिखल दुसऱ्या विद्यार्थ्याकडे जाईल आणि माझी नोंदणी रद्द होईल. सर हे रागाने म्हणाले नाहीत, आणि म्हणूनच मला ते पक्कं वाटलं.

आता थंडीचा प्रश्न आला. आमच्या कॉलेजात एकच फ्रिज होता आणि तो विजेपेक्षा दैवावर जास्त चालायचा. वीज दिवसातून दोनतीनदा जायची. सुट्टी लागली की शिपाई मेन स्विच बंद करून जायचा. अशा ठिकाणी माझे जिवाणू आठ दिवस टिकले नसते. मालवणात बारा महिने नाही तरी आठ महिने अखंड थंड राहणारी एकच जागा होती, ती म्हणजे बंदराजवळचा बर्फाचा कारखाना. मासेमारीचा हंगाम असेपर्यंत ती यंत्रं थांबत नसत, वीज गेली तर डिझेलवर चालत. मी जाऊन मालकांना भेटले. जिवाणू म्हटलं तर ते घाबरतील, मासळीच्या बर्फाशेजारी जंतू कोण ठेवून घेईल, म्हणून मी म्हटलं, समुद्रातल्या चिखलाचं विरजण लावायचं आहे.

मालक म्हणाले, "बाई, दही होतला काय चिखलाचा?" आणि स्वतःच मोठ्याने हसले. त्या विनोदावर मला जागा मिळाली. बर्फाच्या लाद्या ठेवायच्या खोलीच्या अलीकडे एक लहान खोली होती, भिंतींत भाताचं तूस भरलेली, बर्फाइतकी नाही पण कायम गार. तिथल्या फळीवर मी सहा बाटल्या मांडल्या. काळ्या कागदात गुंडाळलेल्या, आत चिखल आणि समुद्राचं पाणी, तोंडाला कापसाचे बोळे. पाच मोठ्या आणि सहावी लहान, कारण चिखल संपत आला होता आणि चमच्याने खरवडून निघाला तेवढाच तिच्या वाट्याला आला.

त्या खोलीची किल्ली चाचांकडे असायची. चाचा कारखान्याचे मिस्त्री. वय पंचावन्नच्या पुढे, खाकी अर्धी चड्डी, डोक्याला रुमाल. बंदरावरच त्यांचं घर होतं, भाऊ मच्छीमारीत, मुलगे मस्कतला. यंत्रातून बर्फ बनतो तो अमोनियाच्या जोरावर. जाड नळ्यांतून तो वायू सतत फिरत असतो. काही वर्षांपूर्वी यातली एक नळी फुटली होती आणि चाचांचा डावा डोळा गेला होता. तो डोळा उकडलेल्या माशाच्या डोळ्यासारखा पांढरा होता. चाचा त्याबद्दल बोलत नसत. फक्त नळीच्या सांध्याजवळून जाताना ते उजवी बाजू पुढे करून जायचे.

सुरुवातीला मी त्यांना नुसता नमस्कार करायचे. मग एकदा त्यांनीच विचारलं, "बाय, माका एक सांग. समुद्रात इतकी मासळी मरता रोज. मगे समुद्राक वास कसो येणा नाय?"

इतका नेमका प्रश्न मला कोणी विद्यार्थ्याने विचारला नव्हता. मी फळीकडे बोट केलं. म्हटलं, "तेंचाच काम ता, चाचा. मेलेल्यातसून अमोनिया सुटता, तो हे खातत."

"माझो गॅस खातत?"

"तोच. पण पाण्यात इरघळलेलो."

ते बाटल्यांवर वाकले. मग म्हणाले, "मगे थोडे माझ्या नळयेत सोड. गळती तरी थांबात." त्या दिवसापासून आमचं जमलं. चहा आला की ते मला निम्मा देत, आणि मी बाटल्या तपासत असले की यंत्राकडे एक कान ठेवून जवळ उभे राहत.

तपासायची रीत सोपी होती. बाटलीतलं थोडं पाणी परीक्षानळीत काढायचं, त्यात दोन वेगवेगळ्या रसायनांचे थेंब टाकायचे आणि थांबायचं. नायट्राइट असेल तर पाणी गुलाबी होतं, नसेल तर जसंच्या तसं. दर आठवड्याला मी प्रत्येक बाटलीत पाच थेंब नवसागराचं पाणी घालायचे. नवसागर आपल्याकडे कल्हईवाल्यामुळे सगळ्यांना माहीत. भांड्यावर टाकला की पांढरा धूर होतो तो. तोही अमोनियाच, मिठाच्या रूपातला. जिवाणूंचं हे खाणं. किती घालायचं ते मी पुस्तकातून घेतलं होतं आणि पुस्तकाने ते जमिनीतल्या जिवाणूंवरून घेतलं होतं.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. सहाच्या सहा नळ्या पांढऱ्या. मला वाटलं, खाणं कमी पडतंय. मी पाचाचे सात थेंब केले. आमच्याकडे पाहुण्याने ‘पुरे’ म्हटलं की आणखी एक चपाती पानात पडते. मी त्याच घरात वाढलेली. फेब्रुवारीत गोव्याला गेले तेव्हा सर म्हणाले, "बदल?" मी म्हटलं, "नाही सर." त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळले. बसमध्ये मला रडू आलं. कोणाला दिसू नये म्हणून सावंतवाडीपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसले, आणि धूळ डोळ्यात गेली असं स्वतःलाच सांगितलं.

मार्चमध्ये मला कावीळ झाली. आधी भूक गेली, मग डोळे पिवळे झाले, आणि एक दिवस वर्गात फळ्याला धरून उभं राहावं लागलं. डॉक्टरांनी दोन महिने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असं सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काय आलं तर बाटल्या. वडिलांबरोबर चाचांना निरोप पाठवला, ड्रॉपर लावलेली नवसागराची बाटली पाठवली, आणि चिठ्ठीत लिहिलं की दर शुक्रवारी प्रत्येक बाटलीत सात थेंब. पाण्याची पातळी कळावी म्हणून नवसागराच्या बाटलीवर मी पट्टी चिकटवून दिली होती. वडील परत आले आणि म्हणाले, "मिस्त्रींनी कबूल केलंय. नमाज पढून आले की घालतील. जबान दिली म्हणाले."

ते दोन महिने मी पेजेवर काढले. सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी पेज. उकड्या तांदळाची, मिठाचा एक खडा घातलेली, वर काही नाही. तेल नाही, खोबरं नाही, मासे तर नावालाही नाहीत. शेजारपाजारची माणसं बघायला येत आणि प्रेमाने काहीबाही घेऊन येत. आई ते सगळं दारातूनच आत नेऊन ठेवायची आणि माझ्यापुढे पुन्हा पेजेची वाटी आणायची. मी चिडचिड करायचे. आई म्हणायची, "पोटाक झेपात इतक्याच खावचा." एप्रिल सरला. आंबे आले, त्यांचा नुसता वास घेतला. दर शुक्रवारी दुपारी मी घड्याळ बघायचे आणि मनात म्हणायचे, आता चाचा थेंब घालत असतील.

मेच्या मध्यावर मी पहिल्यांदा मालवणला गेले. अंगात ताकद नव्हती, पण पाऊस लागायला तीन आठवडे राहिले होते. काही ट्रॉलर आधीच वर ओढले होते. कारखाना आणखी पंधरा दिवस चालेल आणि मग पावसाळाभर बंद, असं मालकांनी फाटकातच सांगितलं. म्हणजे बाटल्यांना जागाही जाणार होती. मी जेवणाच्या डब्यात रसायनं आणि परीक्षानळ्या घेऊन आले होते. इतक्या उन्हात बाटल्या कॉलेजपर्यंत नेणं नको म्हणून तिथेच टेबल मागून घेतलं.

चाचांना मला बघून आनंद झाला. "अगो, किती सुकलंस!" म्हणाले, आणि चहा सांगितला. मी आधी नवसागराची बाटली उचलली. पाणी असायला हवं होतं त्यापेक्षा वर होतं. मी पट्टीवर बोट ठेवून मनातल्या मनात हिशेब केला, पुन्हा केला. थेंब सगळे गेलेले नव्हते. काहीतरी राहिलं होतं, आणि एकदोनदा नाही, दर वेळी.

"चाचा, हे पाणी इतकं कसं उरलं?"

ते हातातलं फडकं या हातातून त्या हातात घेत राहिले.

तिथे मी शुद्ध झाले. लाद्या उचलणारी माणसं थांबली, मालक बाहेर येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "तुमच्यावर विसंबून राहिले हीच माझी चूक झाली. तुम्हाला जमणार नव्हतं तर तसं सांगायचं होतं. माझं सबंध वर्षाचं काम तुम्ही पाण्यात घातलंत. हे काम किती महत्त्वाचं आहे याची तुम्हाला कल्पना तरी आहे का?" अशी आणखी चारपाच वाक्यं. एकही मालवणी शब्द नाही. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येतो आणि तरी थांबवता येत नाही, तसं झालं. चाचांनी मान खाली घातली होती. बोलणं संपल्यावर ते हळूच म्हणाले, "पाच बाटल्यांत घातलंय मी. जबान दिली म्हणान. सहावेत घालूक नाय."

"का?"

"ती बारकी. तिच्यात चिखल पण थोडो. माझो हात उठूक नाय बाय." त्यांनी डाव्या डोळ्याला फडकं लावलं. "ह्या अमोनियान माझो डोळो खाल्लो. मी तो तेंका कसो पाजू? पाचांका पाजलंय, तेवा दर शुक्रवारी माका बरा वाटूक नाय. तुका कावीळ झाली तेवा घरच्यांनी काय दिल्यानी? पेजच मां? मगे तिका पण म्हटलंय, ऱ्हवांदे आपल्या चिखलावर. पेजेवर ऱ्हवता तशी."

मी टेबलाशी बसले आणि पाच बाटल्यांतलं पाणी तपासलं. पाचही नळ्या स्वच्छ, पांढऱ्या. माझा चेहरा बघून चहा आणणारा माणूस ग्लास टेबलावर ठेवून लगेच गेला. सहावी बाटली मी तपासणारच नव्हते. जिला दोन महिने खाणं नाही तिच्यात काय असणार? मी ती उचलली आणि मोरीकडे घेऊन निघाले, ओतून टाकायला. कापसाचा बोळा काढलासुद्धा.

चाचा म्हणाले, "तपासून तरी बघ गो."

मी केवळ त्यांना चुकीचं ठरवायला म्हणून तपासली. पाणी काढलं, थेंब टाकले, नळी एका रिकाम्या ग्लासात उभी केली आणि थंड झालेला चहा प्यायला घेतला. दोन घोट झाले असतील. नळीकडे बघितलं तर तळाशी फिकट गुलाबी छटा होती, पातळ सोलकढीसारखी. मी ती उन्हात नेऊन बघितली. दुसरी नळी केली, तिसरी केली. नुसत्या समुद्राच्या पाण्याची एक केली, ती पांढरीच राहिली. सहाव्या बाटलीच्या तिन्ही गुलाबी.

  चाचा टेबलाच्या पलीकडे उभे राहून एका डोळ्याने बघत होते. त्यांनी विचारलं, "लागला विरजाण?"

"लागला, चाचा," मी म्हटलं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

का लागलं ते मला कसालच्या स्टँडवर कळलं, मांडीवर सहाव्या बाटलीचा थर्मास घेऊन गोव्याच्या गाडीची वाट बघताना. चाचांनी स्वतः बर्फ फोडून त्यात भरला होता. तीन हजार मीटर खाली खाणं पोचतंच किती? वरचं जग जेवून उरलं तर चिमूटभर. त्या चिमटीवर जगायची सवय झालेल्या जिवांपुढे मी आठवड्याला सात थेंबांची मेजवानी वाढत होते. त्यांना ते झेपत नव्हतं. सहावीतलं पाणी मात्र तपासण्यांतच संपलं म्हणून मी आजारी पडायच्या आधी नवं घातलं होतं; तिच्यात चिखलातलं जे थोडंफार मेलेलं होतं ते आपल्या गतीने कुजत राहिलं, त्यातून अगदी किंचित अमोनिया सुटत राहिला, आणि तेवढाच त्यांना पचला. हे मला आधी सुचायला हवं होतं. दोन महिने मी स्वतः तेच तर खात होते. पुस्तकाने मला जे सांगितलं नाही ते चाचांनी दयेपोटी केलं होतं आणि त्याबद्दल मी त्यांना चार माणसांत बोलले होते.

गोव्याला सरांनी नळी खिडकीशी धरून बघितली. ते सहसा हसत नसत. त्या दिवशी थोडं हसले. मग म्हणाले, "हे नायट्राइट दुसऱ्या वाटेनेही आलेलं असू शकतं. यातले दोन थेंब नव्या पाण्यात, त्यातले पुन्हा नव्या पाण्यात, असं तीनदा घालून दाखव. पावसाळाभर इथल्या शीतगृहात ठेव." म्हणजे नोंदणी वाचली होती. माझा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात माझी नोंदवही चाळत त्यांनी विचारलं, "पण सहाव्या बाटलीला अमोनिया द्यायचा नाही हे तुला सुचलं कसं?"

मी म्हटलं, "तुलनेसाठी ठेवली होती, सर."

इतक्या सहज. आधी ठरवलं नव्हतं, बसमध्ये घोकलं नव्हतं. एका मिस्त्रीला बाटलीची दया आली, हे सरांच्या त्या स्वच्छ खोलीत इंग्रजीत कसं सांगायचं ते मला कळलं नाही. ते म्हणाले, "उत्तम." पहिल्यांदाच म्हणाले. मग तो शब्द मला परत करवेना.

पुढचं सगळं नीट झालं. एकदशांश खाणं, मग शतांश. तीनदा नव्या पाण्यात, तिन्ही वेळा गुलाबी, दर वेळी महिन्या-दीड महिन्याने, सावकाश. जिवाणू वाढले. त्यांच्यासारखे कोणी पूर्वी फारसे वाढवले नव्हते, असं सरांनी प्रस्तावनेत लिहायला सांगितलं. त्या पावसाळ्यात मी चाचांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "तू ओरडलंस तेवा एक बरा झाला. मालकान दुसऱ्या दिवशी सगळे सांधे बदलल्यान. तेका वाटला, इतक्या शुद्ध बोलता ती बाई सरकारी तपासणी आणतली." मी हसले. ते हसले. सरांना काय सांगितलं ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

प्रबंध पुरा व्हायला दोन वर्षं गेली. काळ्या कापडी बांधणीचा, वर सोनेरी अक्षरं. ऋणनिर्देशाच्या पानावर सरांचे आभार होते, संस्थेचे होते, कॉलेजचे, आईवडिलांचे. बर्फ कारखान्याच्या मालकांचे आभार त्यांच्या संपूर्ण नावासह होते. त्यापुढे ‘आणि कर्मचारीवर्ग’ असं होतं.

एक प्रत घेऊन मी कारखान्यात गेले. शुक्रवारची दुपार होती. चाचा नमाजाहून परतले होते, धुतलेला सदरा अंगात होता. आता त्यांचा उजवा डोळाही मंद झाला होता आणि यंत्राजवळ दुसरा मिस्त्री उभा असायचा. चाचा नुसते बाकावर बसून आवाज ऐकायचे. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी हात पुसले, मग पुठ्ठ्यावरून फिरवले. वजन करून बघितलं.

"ह्या सगळा तू लिवलंस?"

"होय."

"बरा केलंस." त्यांनी पानं चाळली, जाड होती म्हणून दोनदोन उलटली. मग विचारलं, "आमची बारकी बाटली खंय आसा?"

मी ते पान काढलं. मला पाठ होतं. वाक्य इंग्रजीत होतं, ते मी त्यांच्यासाठी मराठीत वाचलं: "सहाव्या बाटलीत अमोनिया घालण्यात आला नाही."

चाचांनी मान हलवली. यंत्राचा पट्टा फिरत होता. मग त्यांनी विचारलं, "कोणी घालूक नाय?"

मी पुन्हा वाक्याकडे बघितलं. त्यात कोणी नव्हतं. असं वाक्य रचायलाच तर मी शिकले होते. शुद्ध, सरळ, आणि आत माणूस नसलेलं.

"तुमी, चाचा," मी म्हटलं.

"ता लिवलेला आसा?"

त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. मी त्यांचं बोट हातात घेतलं, तेलाने काळी झालेली नखं, आणि त्या ओळीतल्या ‘नॉट’ या शब्दावर टेकवलं. म्हटलं, "इतकाच आसा. ह्येचो अर्थ ‘नाय’."

त्यांनी वाकून, डोळा अगदी पानाजवळ नेला. बोट त्यावर तसंच होतं; बोटाखाली तो शब्द पुरता झाकला गेला होता. बोट बाजूला करून त्यांनी तो बघितला.

"बारको आसा," ते म्हणाले, आणि पुस्तक मिटून माझ्या हातात परत दिलं.